माजघराच्या भिंतीला हात लावण्याआधी

ती. बाबा व ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

माजघर आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत काढून सलग खोली करायची, दिवाळीनंतर गवंडी येणार, असं आई फोनवर म्हणाली. आई, तुला उजेड हवाय हे पटतं. पण ती भिंत भार घेते की नुसता आडोसा आहे, हे ठरल्याशिवाय पहार लावू देऊ नका.

भिंतीवर टकटक करून काही कळत नाही. गिलाव्याआडून चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्याचा, आवाज सगळीकडे बद्दच येतो. कळतं ते माळ्यावरून. बाबा, तुम्ही शिडी चढायची नाही. शेजारच्या एखाद्या पोराला बॅटरी आणि मोबाईल देऊन पाठवा आणि प्रत्येक भिंतीच्या माथ्याचे फोटो मागवा. आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) कुठे टेकलंय, माळ्याच्या तुळयांची टोकं कुठल्या भिंतीत शिरलीत, वाशांचे सांधे कशावर पडतात, एवढं दिसायला हवं. वासा अखंड नसून मधल्या भिंतीवर जोडलेला असेल, तर ती भिंत काढल्यावर दोन्ही तुकडे खाली येतील.

तुळई आणि भिंतीचा माथा यांत फट असेल, पोस्टकार्ड आरपार सरकत असेल, तर तिथे भार नाही. मात्र वाळवीने पोखरलेली किंवा वाकलेली तुळई कधीकाळच्या साध्या आडभिंतीवर बसलेली असते. बांधताना ती भिंत भाराची नव्हती, आज आहे. फसगत होते ती इथेच, म्हणून हे फोटो अगदी जवळून हवेत.

खाली दाराच्या चौकटीपाशी जाडी मोजा. आपल्याकडचा चिरा साधारण 14 इंच लांब, 9 इंच रुंद, 7 इंच जाड असतो. गिलाव्यासकट 10 इंच किंवा जास्त भरली तर भाराचीच समजा. नंतर घातलेली, पाच इंची, थेट जमिनीवर उभी केलेली विटांची भिंत बहुतेक आडोशाची असते. पण नुसती बारीक आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. घराच्या मागच्या भागावरच्या स्लॅबखाली कॉलम (खांब) नसतील तर भिंतीच कॉलमचं काम करतात. खोलीची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर स्लॅब मुख्यतः लांब भिंतींवर बसतो, नाहीतर चारही भिंतींवर.

ज्या भिंतीवर छप्पर नाही, तीही लांब भिंतींना आडवा आधार देते. 1967 चा कोयनेचा भूकंप आणि 3 जून 2020 चं निसर्ग वादळ तुम्हाला आठवतं. असा हादरा किंवा वारा आला की लांब भिंत बाहेर झुकते, आणि तिला धरून ठेवते ही आडवी भिंत.

वजनाचा अंदाज यावा म्हणून सांगते. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराएक लागतात. 20 चौरस मीटर छपराचा भार त्या भिंतीवर येत असेल तर नुसती कौलंच साडेसातशे किलो, वर लाकूड, आणि पावसात भिजलेलं वजन वेगळं.

भाराची निघाली तरी उजेड मिळेल. सबंध भिंत न काढता चार फुटांची मोकळी जागा ठेवा. वर काँक्रीटची लिंटल, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी तुळई, घाला, दोन्ही बाजूंना किमान 9 इंच टेक देऊन. चिरा काढण्याआधी दोन्हीकडून लोखंडी टेकू लावायचे. टेकूंखाली जाड फळी हवी, शेणाच्या जमिनीत ते रुततात. टेकू 14 दिवसांआधी काढू देऊ नका, तोवर लिंटलला रोज पाणी मारा. हे काम भिंत सुकल्यावरच, कारण भिजलेला जांभा कमजोर असतो. आराखडा आणि सळ्या स्ट्रक्चरल इंजिनीयरकडून ठरवून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर नको.

माळ्यावर जाणाऱ्याला सांगा, पाय तुळईवर ठेव, मधल्या फळ्यांवर नको. त्या जुन्या आहेत.

तुमची लेक