डिफ न खोलता आवाज घालवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

आवाज गेला. स्टिअरिंग पुरते वळवून गाडी पार्किंगमधून काढताना मागच्या सीटखाली जी कटकट सुरू व्हायची आणि तिच्या मागोमाग सगळ्या बॉडीला जी थरथर यायची, ती थांबली आहे. डिफमधली, म्हणजे वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमधली, क्राउन-पिनियनची दातेरी जोडी जागेवर आहे, क्लच प्लेटा जुन्याच आहेत, डिफचे हौसिंग गाडीखालून हललेलेही नाही. लागले ते गिअर ऑइल, फ्रिक्शन मॉडिफायरची एक बाटली आणि प्लगांचे दोन नवे वॉशर. उरलेले काम तुमच्या प्रश्नांनी केले. म्हणून हे आभाराचे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असे लिहितो आहोत, कारण प्लेटांच्या लिमिटेड स्लिप डिफची (एकच चाक घसरत फिरू लागले तर दुसऱ्यालाही ताकद देणाऱ्या डिफची) गाडी ज्याच्याकडे आहे त्याला हा आवाज कधीतरी गाठू शकतो, आणि त्या वेळी ‘थांबा, अजून काही खोलू नका’ म्हणणारे माणूस जवळ असतेच असे नाही.

पाना हातात घ्यायच्या आधी तुम्ही विचारलेत: आवाज सरळ चालताना येतो की वळताना? रेस दिल्यावर वाढतो की पाय उचलल्यावर? गाडी तापल्यावर जास्त होतो का? रस्ता बदलला की सूर बदलतो का? या चार उत्तरांत जवळजवळ सगळे निदान असते. सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाला शिट्टीसारखा सूर लागत असेल, रेस दिल्यावर एक आणि सोडल्यावर वेगळा, तर दोष क्राउन-पिनियनच्या दातांच्या बैठकीत आहे. तिथे पिनियनची खोली आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजावाच लागतो. ऑइल कितीही भारी घातले तरी दातांची चुकलेली बैठक सुधारत नाही. वेगाबरोबर वाढणारी, रेसशी काही संबंध नसलेली घरघर बेअरिंगची. मोकळ्या रस्त्यावर गाडी किंचित डावीउजवीकडे झुलवल्यावर ती कमीजास्त झाली तर बहुधा चाकाचे बेअरिंग, नाही झाली तर डिफच्या आतले. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर जो बदलतो तो टायरचा आवाज. रेस सोडून पुन्हा देताना एकदाच ‘ठक्’ होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि डिफचे रबरी बुश आधी बघायचे.

आणि जो आवाज फक्त हळू, आवळ वळणावर येतो, गाडी तापल्यावर वाढतो, चाके सरळ झाली की नाहीसा होतो, तो प्लेटांचा. ऑइल बदलून बरा होण्याची खरी आशा असते ती याच आवाजाची, आणि नेमका हाच ऐकून लोक डिफ खोलायला निघतात.

त्याचे कारण तुम्ही ज्या सोप्या रीतीने सांगितलेत तसेच इथे लिहितो. वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. प्लेट डिफमध्ये साइड गिअर (चाकाचा दांडा फिरवणारा गिअर) आणि केस (त्याभोवतीचे कवच) यांच्यामध्ये घर्षण-प्लेटा आणि स्टील प्लेटांची चळत स्प्रिंगने दाबून ठेवलेली असते. त्यामुळे वळणावर या प्लेटा एकमेकींवरून घसरायलाच हव्यात. थांबलेल्या प्लेटेला हलवायला लागणारे घर्षण चालत्या प्लेटेच्या घर्षणापेक्षा जास्त झाले, की प्लेट चिकटते, ताण साठतो, मग ती एकदम सुटते आणि लगेच पुन्हा चिकटते. फळ्यावर खडू करकरतो तो याच कारणाने. फ्रिक्शन मॉडिफायरचे रेणू प्लेटेच्या पृष्ठभागाला धरून बसतात आणि हे थांबलेले घर्षण खाली आणतात. उष्णतेने आणि पाण्याने हा थर संपत जातो. तो संपला म्हणजे प्लेटा संपल्या असे नव्हे. “प्लेटा झिजल्या नाहीत, उपाशी आहेत,” हे तुमचे वाक्य अगदी बरोबर निघाले.

ऑइल निवडताना तुम्ही डिफची जात आधी विचारलीत, हे फार मोलाचे. हौसिंगवरची पट्टी किंवा मॅन्युअल सांगते. तेही नसेल तर गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, मागची दोन्ही चाके अधांतरी आणि पुढच्या चाकांना अडण्या, अशा स्थितीत एक चाक हाताने फिरवायचे. दुसरे त्याच दिशेने फिरले तर आत बहुधा प्लेटा दाबाखाली आहेत. उलटे फिरले तर डिफ साधा आहे, किंवा बहुधा टॉर्सन. टॉर्सनमध्ये प्लेटांची चळतच नसते. तो गिअरांच्या आपसातल्या घर्षणावर ताकद वाटतो, म्हणून त्यात मॉडिफायर घालणे म्हणजे त्याचे कामच कमी करणे. टोयोटा ८६ ला कंपनीचे ७५डब्ल्यू-८५ ऑइल लागते, मॉडिफायर नाही. उलट ८.८ इंची ट्रॅक्शन-लॉक डिफच्या मस्टँगमध्ये ११८ मिलीची मॉडिफायरची बाटली ऑइलइतकीच आवश्यक. व्हिस्कस डिफमध्ये सिलिकॉनचे द्रव सीलबंद डब्यात असते, बाहेरचे ऑइल बदलून त्याच्या वागण्यात फरक पडत नाही. चारही चाकांना ताकद देणाऱ्या काही गाड्यांत मागच्या क्लचचे ऑइल आणि क्राउन-पिनियनचे ऑइल शेजारशेजारच्या वेगळ्या कप्प्यांत, वेगळ्या प्लगांमागे असते. तिथे चुकीचा प्लग उघडला तर मोठे नुकसान होते.

ऑइलचा दर्जा जीएल-४ की जीएल-५, यावर तुम्ही जराही सवलत दिली नाहीत आणि तेच योग्य. हायपॉइड क्राउन-पिनियनमध्ये पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यरेषेपासून बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे दात नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घसरतातही. तो दाब सोसायला जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्ये हवीत. नव्या ऑइलचा उग्र वास त्यांचाच, त्याने घाबरायचे कारण नाही. जाडीचेही तसेच. १०० अंश सेल्सिअसला ९० ग्रेडची जाडी १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असते आणि १४० ची २४ ते ३२.५. म्हणजे १४० हे ‘जरा चांगले ९०’ नाही, ते वेगळेच ऑइल आहे. मॅन्युअलमध्ये आहे तेच घालावे, आणि ट्रॅकवर सतत तापणाऱ्या गाडीसाठीही जाड ग्रेड मॅन्युअलने मुभा दिली तरच. बाटलीवर ‘लिमिटेड स्लिप’ छापलेले असेल तर मॉडिफायर बहुधा आत आहेच. वरून पूर्ण बाटली घातली तर डिफ इतका मवाळ होतो की ऐन गरजेला एकच चाक फिरत राहते.

आता प्रत्यक्ष काम. गाडी १५ ते २० मिनिटे चालवून ऑइल कोमट करायचे, म्हणजे तळाला बसलेला गाळही त्याच्याबरोबर वाहून येतो. गाडी चारही बाजूंनी सारख्या उंचीवर, स्टँडवर. नुसत्या जॅकवर नाही, आणि फक्त मागून उचलूनही नाही, कारण पातळी फिलरच्या (ऑइल भरायच्या) भोकावरून ठरते आणि गाडी तिरकी असली की ती खोटी दाखवते.

मग तो एक नियम, ज्यासाठी तुमचे वेगळे आभार: फिलर प्लग आधी सोडवा, ड्रेन प्लगला त्यानंतरच हात लावा. ड्रेन आधी उघडला, ऑइल गेले, आणि फिलर गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. प्लगाभोवतीची माती ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने काढायची, चौकोनी किंवा अ‍ॅलन खाचेतला चिखल खिळ्याने उकरायचा, सॉकेट तळापर्यंत बसल्याची खात्री करायची. हट्टी प्लगाच्या तोंडावर हातोडीचे दोन सरळ ठोके दिले की आटे मोकळे व्हायला मदत होते. वाकडा जोर लावला की खाच गोल होते, मग वेल्डिंगशिवाय गती नाही.

ड्रेन प्लगच नसलेल्या डिफचे मागचे झाकण काढावे लागते. वरचे दोन बोल्ट ढिले करून ठेवायचे, बाकीचे काढायचे आणि झाकण खालून सोडवायचे. जुना सिलिकॉन पुरता खरवडून, पृष्ठभाग कोरडा करून, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने अखंड धार द्यायची आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ ती सुकू द्यायची. घाईने ऑइल भरले तर आठवड्यात झाकण पाझरते.

निघालेले ऑइल स्वच्छ भांड्यात घ्यायचे आणि मोजायचे. अशा बहुतेक गाड्यांत ते १ ते २ लिटरच्या दरम्यान असते. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा स्पष्ट कमी निघाले तर पिनियन सील आणि दोन्ही अ‍ॅक्सल सील तपासायला हवेत. प्लगाच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर काळजी नाही, ती रोजची झीज. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण, चमकती पातळ पापुद्री किंवा दाताचा तुकडा मिळाला तर नवे ऑइल भरायचेच नाही, तिथे डिफ खोलणेच खरे. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. काळे आणि जळक्या वासाचे असेल तर प्लेटा तापल्या आहेत. आमच्या भांड्यातले दुसऱ्या प्रकारचे होते, लेप मऊ होता. तुम्ही हे बघायला सांगितले नसते तर ते ऑइल न बघताच ओतून दिले गेले असते.

ड्रेन प्लग पुसून, नवा वॉशर घालून, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या हौसिंगचे आटे जास्तीच्या जोराने सहज जातात. त्यानंतर मॉडिफायर, आणि त्यानंतर ऑइल. हा क्रम उलटला तर भोकापर्यंत ऑइल भरल्यावर मॉडिफायरला जागाच उरत नाही, अर्धी बाटली बाहेर वाहते आणि आवाज तसाच राहतो. मग दोष बिचाऱ्या ऑइलवर जातो. जाड ऑइलची बंद बाटली आधी गरम पाण्यात ठेवली की हातपंपाने भरताना घाम निघत नाही. भोकातून ऑइल ओघळू लागले की थांबायचे, ५ ते १० मिनिटांनी पुन्हा पाहायचे, पातळी उतरली असेल तर भरायचे. काही गाड्यांत पातळी भोकाच्या कडेपेक्षा काही मिलिमीटर खाली सांगितलेली असते, तिथे वाकवलेल्या तारेने मोजायचे. जास्त भरलेले ऑइल फेसाळते, तापते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हौसिंगमधली हवा सोडणाऱ्या वाटेतून, बाहेर येते.

ब्रीदर ही तर सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. तो तुंबला की तापलेल्या हौसिंगमधला दाब सीलांवर येतो. गाडी साचलेल्या पाण्यातून गेली की तापलेले हौसिंग एकदम निवते आणि मिळेल त्या वाटेने पाणी आत ओढते. नळी काढून फुंकर मारायला एक मिनिट पुरते.

इतके झाल्यावरही पहिल्या वळणावर आवाज आलाच, आणि तेव्हा तुमचा धीर उपयोगी पडला. नवे ऑइल हौसिंगमध्ये असते, प्लेटांच्या मध्ये अजून जुनेच असते. मोकळ्या जागेत, ताशी ८ ते १० किलोमीटर वेगाने, स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळवून इंग्रजी आठच्या आकड्यात १० ते १२ फेऱ्या मारायच्या, रेस अगदी हलकी. प्लेटा घसरतात आणि नवे ऑइल त्यांच्यात शिरते. पाचव्या-सहाव्या फेरीपासून कटकट विरळ झाली. पुढच्या दीडशे किलोमीटरमध्ये उरलीसुरलीही गेली. एवढे करूनही राहिली असती तर थोडे ऑइल उपसून एका वेळी ३० मिलीच मॉडिफायर वाढवायचे, हेही तुम्ही सांगून ठेवले होते. ती वेळ आली नाही.

जळक्या ऑइलचे कारण मात्र तुम्ही शेवटच्या प्रश्नात पकडलेत: मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का? नव्हते. एक नवा, एक जुना. व्यास वेगळा म्हणजे सरळ रस्त्यावरही प्लेटा अखंड घसरत राहणार. नुसते ऑइल बदलून थांबलो असतो तर काही महिन्यांत तोच आवाज परत आला असता. आता जोडी बदलली आहे, हवा सारखी आहे.

काढलेल्या ऑइलपैकी १०० मिली काचेच्या बाटलीत, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले आहे. बाकीचे बंद डब्यातून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्यांकडे गेले. पुढच्या वेळी निघणारे ऑइल या बाटलीशेजारी धरून रंग बघू, आणि दोन्हींचे फोटो तुम्हाला पाठवू.

कळावे, लोभ आहेच, तो असाच राहावा.

तुमचे ऋणी,
गाडीखाली आडवे झालेले सगळे