‘बी’चं श्रेय कोंबडीला द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला, रोगजंतूंशी लढायला प्रतिपिंडं बनवणाऱ्या रक्तातल्या ‘बी’ पेशींवरचा लेख वाचला. लेखक डॉक्टर आहेत, म्हणून जपून लिहितो. ‘बोन मॅरोत तयार होतात म्हणून बी’ या वाक्याशी माझा चहा गार झाला. हा बी ‘बर्सा’चा आहे हो! कोंबडीच्या मागच्या बाजूला, विष्ठाद्वाराच्या वर बोराएवढी पिशवी असते, ती बर्सा. संशोधक ब्रूस ग्लिकनं ती काढलेल्या कोंबड्या अमेरिकेत ओहायोत त्याच्या सहाध्यायानं वर्गात प्रयोग दाखवायला नेल्या, साल्मोनेला हा जंतू टोचला, तर प्रतिपिंडंच तयार होईनात. तो निबंध ‘सायन्स’नं नाकारला आणि 1956 साली ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये आला. माणसाला बर्सा नसतो, ते काम अस्थिमज्जेत होतं. इंग्रजीत तिचंही आद्याक्षर बी निघालं, हा निव्वळ योगायोग.

एवढं का लागलं, तर मी सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक. 1996 च्या सुमारास एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या शेडवर मानमोडी (राणीखेत रोग) आली. सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा थेंब मीच पिलांच्या डोळ्यांत घातला होता. गावासमोर मला विचारलं गेलं, ‘‘लस घातली की पाणी?’’ मी पाच मेलेली पिलं तिथंच पोत्यावर फाडली. त्या वयात बर्सा प्लीहेपेक्षा मोठा हवा. इथं पाचांतल्या चारांत तो हरभऱ्याएवढा, सुकलेला. गंबोरो या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगाचा विषाणू नेमका तिथल्या कोवळ्या बी पेशींवर बसतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लागण झाली तर पिलं मरतातच असं नाही, नुसती लस धरत नाहीत. शेडच्या कोपऱ्यात मागच्या लॉटचं तूस तसंच पडलेलं होतं आणि हा विषाणू शेडमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. तरी तालुक्याला तक्रार माझ्याच नावानं गेली. असो.

लेखात बी पेशी म्हणजे सरसकट ‘प्रतिपिंडांचा कारखाना’. कारखाना होते ती फक्त प्लाझ्मा पेशी. ती सेकंदाला हजारो प्रतिपिंडं सोडते, पण स्वतः पुन्हा विभागत नाही. स्मृतिपेशी वर्षानुवर्षं गप्प बसून राहतात. प्लीहेच्या कडेला राहणाऱ्या बी पेशी न्युमोकोकससारख्या (न्यूमोनियाच्या) जंतूंवर झटपट आयजीएम जातीची प्रतिपिंडं काढतात, म्हणून तर प्लीहा काढायची असेल तर आधी त्याची लस देतात. काही बी पेशी तर दाह आवरायचंच काम करतात. यातलं एक अक्षर नाही.

आणि चौकटीत काय, तर ‘बी पेशी वाढवणारे पाच पदार्थ’! पेम्फिगस या अंगावर फोड येणाऱ्या आजारात याच पेशींपासून झालेली प्रतिपिंडं स्वतःच्याच कातडीवर उठतात. तेव्हा रिटुक्सिमॅब हे औषध देऊन बी पेशी मारतात. त्या रुग्णानं तुमचा आवळा-हळदीचा काढा औषधाच्या आधी घ्यायचा की नंतर?

जाता जाता. दोन महिन्यांपासून शेवटच्या पानावरचे अंड्यांचे दर तुम्ही छापत नाही आणि त्या जागी राशिभविष्य दुप्पट झालंय. एजंट सांगेल तो भाव आम्ही मान्य करायचा का? दर पुन्हा सुरू करावेत, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक