एका गुणाचा जगज्जेता

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. फॉर्म्युला वन मोटार शर्यतींत उभ्या कारकिर्दीत ज्याने तीनच शर्यती जिंकल्या आणि जगज्जेतेपदही एका गुणाने पटकावले, त्या फिल हिलला थोरांच्या पंगतीत बसवायचे कशाला, असा तुझा सवाल आहे. आकडे बरोबर आहेत. १९६० ची इटलीतली मोंझा, १९६१ ची बेल्जियममधली स्पा आणि पुन्हा मोंझा, एवढेच त्याचे विजय. माप मात्र तू चुकीचे घेतलेस, असे माझे ठाम मत आहे. हिलला जोखायचे ते फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तास चालणाऱ्या शर्यतीवर, जिथे जोडीदार आळीपाळीने एकच गाडी चालवतात.

१९२७ साली मायामीत जन्मलेला आणि सांता मोनिकात वाढलेला हा माणूस आधी मेकॅनिक होता. १९४९ मध्ये इंग्लंडला जाऊन तो जॅग्वारकडे कामही शिकून आला. स्वभावाने मात्र कमालीचा चिंतातुर. पोटातल्या अल्सरमुळे १९५४ मध्ये डॉक्टरांनी काही महिने शर्यती बंद करायला लावल्या, तेव्हा त्याने घरातली १९३१ ची पियर्स-ॲरो दुरुस्तीला काढली, आणि पुढच्याच वर्षी पेबल बीचच्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात तिने सर्वोच्च पारितोषिक मिळवले. (सक्तीची विश्रांती इतकी सार्थकी लावणारे फार थोडे!)

यंत्राविषयीची ही माया ल माँला कामी आली. १९५८ ची शर्यत तासन्‌तास पावसात झाली. रात्रीचा काळोख, समोरच्या गाडीच्या चाकांनी उडवलेले पाणी, त्यात दिवेही धूसर, अशा स्थितीत हिल आणि त्याचा बेल्जियन जोडीदार ऑलिव्हिए जांद्बियाँ यांनी आपली फेरारी टेस्टा रोसा शेवटपर्यंत धड ठेवली आणि दुसऱ्या क्रमांकाला तब्बल बारा फेऱ्यांनी मागे टाकले. सुरुवात केलेल्या पंचावन्न गाड्यांपैकी वीसच शेवटपर्यंत टिकल्या. तिथे नुसता वेग पुरत नाही. गिअर बदलताना घाई करायची नाही, ब्रेक उद्याच्या दुपारपर्यंत पुरवायचे आणि तरीही मागे पडायचे नाही, हे ज्याला जमते तोच जिंकतो. याच जोडीने १९६१ आणि १९६२ मध्येही ती शर्यत जिंकली.

याचा अर्थ तो संथ होता असा मुळीच नाही. १९६१ मध्ये शार्कच्या तोंडासारखे नाक असलेल्या फेरारी १५६ मधून त्याने जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंग या शर्यतमार्गाची जवळजवळ तेवीस किलोमीटरची फेरी नऊ मिनिटांच्या आत पूर्ण केली. तोवर ते कोणालाही साधले नव्हते.

त्याच वर्षी १० सप्टेंबरला मोंझाला उतरताना त्याचाच संघसहकारी वोल्फगांग फॉन ट्रिप्स जगज्जेतेपदाच्या गुणतक्त्यात चार गुणांनी पुढे होता. दुसऱ्याच फेरीत फॉन ट्रिप्सची गाडी जिम क्लार्कच्या लोटसला घासली आणि उडून प्रेक्षकांवर गेली. तो स्वतः आणि पंधरा प्रेक्षक मरण पावले. शर्यत थांबवली गेली नाही. हिलला पूर्ण कल्पना आली ती शर्यत आणि एका गुणाने जगज्जेतेपद जिंकल्यानंतर, आणि थोड्याच दिवसांत सहकाऱ्याच्या शवपेटीला खांदा देण्याची वेळ त्याच्यावर आली. फेरारीने वॉटकिन्स ग्लेनच्या अमेरिकन ग्रां प्रीला गाड्याच पाठवल्या नाहीत, त्यामुळे अमेरिकेचा हा पहिला जगज्जेता मायदेशीच्या शर्यतीत उतरलाच नाही. तू ज्या एका गुणाला हसतोस, त्याचा हा हिशेब आहे.

पुढची फॉर्म्युला वनची वर्षे निराशेचीच गेली. १९६३ मध्ये एटीएस या नव्या इटालियन संघात जाणे ही तर, माझ्या मते, धडधडीत घोडचूक. पण १९६७ मध्ये ब्रँड्स हॅचला माइक स्पेन्सबरोबर, उंच पंख लावलेल्या चॅपरल गाडीतून त्याने सहा तासांची शर्यत जिंकली आणि मग पुन्हा स्पर्धेत उतरला नाही. त्यानंतर २००८ मध्ये निधन होईपर्यंत जुन्या मोटारी आणि आपोआप वाजणारे जुने पियानो दुरुस्त करण्यात तो रमला. तुझ्या यादीतल्या थोरांपैकी कितीजणांनी आपली शेवटची शर्यत जिंकून निरोप घेतला, ते तपासून मला अवश्य कळव.

तुझा,
अनिरुद्ध