खडीच्या मैदानावरची लीग कागदावर तरी राहू द्या!

मा. क्रीडामंत्री,
टास्मानिया राज्य, होबार्ट

महोदय,

होबार्टच्या मॅक्वारी पॉइंटला 23,000 आसनांचं स्टेडियम बांधायचं चाललंय. 2028 पासून टास्मानिया डेव्हिल्स हा संघ ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरायचा आहे, त्याच्यासाठी. आधी 71.5 कोटी डॉलर सांगितले, 2025 मध्ये आकडा 113 कोटींवर गेला. त्यावर भांडायला माणसं पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. माझं मागणं त्या हिशेबात चिल्लर ठरेल.

वेस्टर्न टास्मानियन फुटबॉल असोसिएशन आपल्या लक्षात आहे का? 1960 च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावरच्या खाणगावांनी मिळून ही फुटबॉल लीग सुरू केली आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. तिचे संघ म्हणजे लायल, गॉर्मनस्टन, सिटी, रोझबेरी, टूराक, झीहान आणि चक्क 'स्मेल्टर्स', म्हणजे तांब्याच्या भट्टीवाल्यांचा संघ. आठवडाभर खाणीत राबायचं आणि शनिवारी एकमेकांच्या अंगावर जायचं.

अंगावर जायचं तेही क्वीन्सटाऊनच्या मैदानावर! ऑस्ट्रेलियन फुटबॉल कधी न पाहिलेल्यांसाठी सांगतो: लंबगोल चेंडू, एका बाजूला अठरा जण, गोलाला सहा गुण, थोडक्यात हुकला तर एक. उडी मारून चेंडू झेलायचा आणि धाडकन खाली यायचं. बाकी सगळीकडे खाली गवत असतं, इथे खडी. 1896 पासून गावाजवळच्या माउंट लायल या तांब्याच्या खाणीच्या भट्ट्यांनी डोंगरांवरची झाडं सरपणाला नेली, उरलेली गंधकाच्या धुराने मेली, आणि वर्षाला सुमारे 2,400 मिलीमीटर पाऊस माती धुऊन घेऊन गेला. गवत धरणार कशात? मग खडी पसरली, रोलर फिरवला, चुन्याच्या रेघा मारल्या. मी तिथे सामना पाहिलाय. पावसाचं पाणी बघता बघता निचरून जातं, कोकणातल्या माणसाला हेवा वाटावा असं. पण खेळाडू घसरला की कोपरापासून मनगटापर्यंत सालपट निघतं, नि तो उठून आधी चेंडू कुठे गेला ते बघतो.

लीग मेली ती माणसं गेली म्हणून. 1969 मध्ये भट्टी बंद झाली, 1976 नंतर तांब्याचे भाव पडून शेकडो कामगार घरी बसले. 1983 मध्ये जवळचं नियोजित फ्रँकलिन जलविद्युत धरण रद्द झालं, तिथे मिळणारी कामंही गेली (नदी वाचली याचा मला आनंदच आहे, पण त्या गावात हे मोठ्याने बोलू नये), 1994 च्या शेवटी माउंट लायलची जुनी कंपनीही आटोपली. संघांना पुरेशी पोरं मिळेनात. रोझबेरी आणि टूराक एक झाले, लायल आणि गॉर्मनस्टन एक झाले, पण जोडाजोडीने किती दिवस ढकलणार?

1999 मध्ये माउंट लायलची खाण स्टरलाइट या भारतीय कंपनीने घेतली. आमच्या रत्नागिरीकरांना हे नाव नवं नाही. त्यांचा तांब्याचा कारखाना आधी आमच्याकडेच यायचा होता. 1993 च्या आंदोलनाने तो हटला आणि तुतिकोरिनला गेला. पुढे माउंट लायलचं तांबं त्याच तुतिकोरिनच्या भट्टीत वितळायला जायचं. क्वीन्सटाऊनच्या उघड्या डोंगरांखाली उभं राहिल्यावर आमच्या लोकांनी काय टाळलं ते दिसतं.

आता कामाचं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह संकेतस्थळावर बर्नीच्या 'अॅडव्होकेट' या वर्तमानपत्राचे जुने अंक वाचता येतात, पण 1954 पर्यंतचेच. म्हणजे 1920 सालचा क्वीन्सटाऊनचा सामना घरबसल्या सापडेल, 1970 ची अंतिम लढत सापडणार नाही. या लीगचं अख्खं आयुष्य त्याच्या पुढचं आहे. तेव्हा 1955 ते 1995 चे अंक स्कॅन करून घ्यायला सरकारने पैसे द्यावेत. गुणवह्या, संघांचे फोटो, ढाली लोकांच्या माळ्यांवर पडून असणार. त्या गोळा करायला क्वीन्सटाऊनच्या गॅली म्युझियमला एक पगारी माणूस द्यावा. आणि जे खेळले त्यांच्या मुलाखती याच हिवाळ्यात सुरू कराव्यात, कारण साठच्या दशकात विशीत असलेले आज ऐंशीच्या घरात आहेत.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. नव्या स्टेडियममध्ये राज्याच्या फुटबॉलचा इतिहास मांडायचा विचार असेल, तर ही सामग्री तुम्हालाच लागेल.

आपला,
डेव्हनपोर्टचा एक रहिवासी, मूळचा रत्नागिरीचा