आबाजींची मार्टिनी आणि तुझी दुर्बीण

मु. पो. दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय गजू,

तुझं पत्र पोळ्याच्या तोंडावर आलं, म्हणून उत्तराला उशीर. सोयाबीन शेंगांवर आहे, पऱ्हाटीही बरी आहे. रानडुकरांपायी जागल मात्र सुटत नाही.

आबाजींची पॉइंट टू टू मार्टिनी, म्हणजे दर वेळी एकच काडतूस भरायची ती जुनी रायफल, म्हातारी झाली, मनाला येईल तिकडे मारते, म्हणून तिच्यावर दुर्बीण बसवतो म्हणतोस. थांब लेका! तूच लिहिलंस की पोत्यावर टेकवली तर गोळी वर जाते, पट्टा हाताला गुंडाळून मारली तर खाली. दुखणं इथंच आहे. दुर्बिणीनं तुला चुकलेली गोळी जास्त स्वच्छ दिसेल, एवढंच.

बोल्टच्या, म्हणजे खिट्टी मागे-पुढे ओढून भरायच्या रायफलीला सलग एक लाकूड असतं. मार्टिनीचं लाकूड दोन तुकड्यांत: मध्ये काडतूस भरायची लोखंडी पेटी, मागे खांद्याला लावायचा कुंदा, पुढे नळीखालचं लाकूड. हा पुढचा तुकडा बहुतेक जुन्या मार्टिनींत नळीलाच अडकवलेला असतो. पोतं वर ढकलतं, पट्टा खाली ओढतो, आणि दोन्ही वेळा नळीच कणभर वाकते. त्यात आपली हवा. मे महिन्यात पारा 45 वर आणि श्रावणात भिंतींना ओल. लाकूड फुगतं, आटतं, आणि उन्हाळ्यात जुळवलेला नेम पावसाळ्यात हलतो.

पेटी रिकामी आहे हे दोनदा पाहा, मग वहीच्या कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवत ने. जिथे अडेल तिथे लाकूड टेकलेलं आहे. तो भाग गोल दांड्याला पॉलिशपेपर गुंडाळून हलक्या हातानं घास. पट्टी सगळीकडून सुळकन गेली पाहिजे, फक्त अडकवणीची जागा सोडून. उघडं पडलेलं लाकूड तसंच ठेवू नको, जवसाचं तेल पातळ थरांत मुरव. बाजारात तयार पॉलिश मिळतात, पण मला जवसच बरं वाटतं. कुंद्यातून जाणारा लांब बोल्टही आवळून पाहा. लाकूड आटलं की तो ढिला होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे रडगाणं आपल्या जुन्या बंदुकीचंच आहे असं समजू नको. अमेरिकेत रुगर या बंदूक कंपनीनं 1967 च्या सुमारास नंबर वन नावाची एक गोळीची शिकारी रायफल काढली. तिचं पुढचं लाकूड नळीला नाही, पेटीतून पुढे आलेल्या लोखंडी जिभेला स्क्रूनं धरलेलं. तरी तिच्या मालकांची तक्रार हीच, वर तिच्या मोठ्या काडतुसांनी नळी तापली की प्रत्येक गोळी आधीच्या गोळीहून वर लागत जाते. कोणी लाकूड नळीपासून पूर्ण सोडवतं, तर कोणी त्या जिभेत बारीक स्क्रू घालून नळीला मुद्दाम टेकू देतं. दोन्ही चालतं. रेटा एक तर नसावा, नाहीतर दर वेळी तेवढाच असावा.

आता नळीचं तोंड. मार्टिनीत मागून सरळ सळई घालायला बहुधा वाट नसते, म्हणून लोक पिढ्यान् पिढ्या तोंडाकडून साफ करत आले. सळई एकाच कडेला घासली की ती कड झिजते, गोळी बाहेर पडताना मागचा वायू त्या बाजूनं आधी सुटतो आणि गोळीला धक्का देतो. भिंग घेऊन बघ. कड झिजलेली दिसली तर स्वतः कानस लावू नको. ते आणि चापाचं काम परवाना असलेल्या बंदूक कारागिराचं, कायद्यानंही आणि अकलेनंही.

पारख कशी करशील? पाच-दहा गोळ्यांचा झुबका बघून खूश होऊ नको. एक गोळीच्या रायफलीला मी पहिल्याच गोळीचा जाब विचारतो. क्लबच्या रेंजवर जाशील तेव्हा थंड नळीची पहिली गोळी वेगळ्या टारगेटवर मार आणि तो कागद दर खेपेला तोच लाव. त्याआधी कोरडी चिंधी फिरव, कारण तेलकट नळीची पहिली गोळी हमखास भरकटते. पोतं पेटीच्या जवळ, रोज त्याच जागी. काडतुसं एकाच लॉटची. 50 मीटरवर एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण साडेचौदा मिलिमीटर. तेवढ्यात पहिल्या गोळ्या बसल्या तर आबाजींच्या बंदुकीला कोणी म्हातारी म्हणायचं नाही. वावरात टारगेट टांगून हे करू नको, पॉइंट टू टूची गोळी दीड किलोमीटरवर जाऊ शकते आणि धुऱ्यापलीकडे कोणाची बाई निंदत असते.

डुकरांसाठी चालेल का विचारलंस. नाही चालणार. 1972 च्या कायद्यानं शिकार बंद आहे, नुकसानीपायी मारायचं तर वनखात्याची परवानगी हवी. ती मिळाली तरी एवढ्याशा गोळीनं डुक्कर नुसतं जखमी होऊन तुरीत शिरेल, आणि सकाळी तिथे मजूर जातील.

दिवाळीनंतर ये, दोघं मिळून लाकूड सोडवू. लायसन्स कोणत्या जिल्ह्यात चालतं ते मात्र आधी पाहून घे, नाहीतर बंदूक घरीच ठेव आणि पुढचं लाकूड तेवढं काढून पिशवीत घालून आण. वहिनीला नमस्कार.

तुझाच,
बंड्या