अर्ध्या खरवडलेल्या तारेबद्दल आभार

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करायचे आम्ही ठरवले, तेव्हा रिकाम्या बाटल्या, स्ट्रॉ आणि बिघडलेल्या स्पीकरमधले चुंबक जमवण्यापलीकडे माझी मजल गेली नव्हती. स्ट्रॉची पिपाणी तुलनेने सहज जमली. टोक चपटे करून दोन्ही बाजूंनी तिरके कापायचे आणि वाजत असतानाच दुसरे टोक कात्रीने कापत जायचे. आतला हवेचा स्तंभ जसजसा आखूड होतो, तसतसा सूर चढतो. (त्यानंतर दोन दिवस घरात दुसरे काही ऐकू आले नाही, ते असो.)

अडलो ते विजेवर फिरणाऱ्या छोट्या मोटरपाशी. सेलच्या दोन्ही टोकांना रबरबँडने बसवलेल्या सेफ्टी पिना, त्यांच्या भोकांत टेकवलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि सेलवर चिकटवलेले चुंबक, सगळे जागच्या जागी असूनही गुंडाळी नुसती थरथरून थबकत होती. तारेच्या दोन्ही टोकांवरचा, वीज अडवणारा लेप मी मोठ्या हौसेने चहूबाजूंनी खरवडला होता. चूक आपल्या लगेच ध्यानात आली असणार, तरीही खेळण्याला हात न लावता आपण माझ्या मुलीला एवढेच विचारलेत, की अर्धा फेरा झाल्यावर चुंबक गुंडाळीला कोणत्या दिशेने ढकलेल. बराच वेळ बोटे फिरवून ती म्हणाली, "उलट्या!" मग एका टोकाचा लेप फक्त अर्ध्या बाजूने खरवडायचा, म्हणजे त्या उलट्या अर्ध्या फेऱ्यात वीज बंद राहील आणि गुंडाळी आपल्याच वेगाने पुढे जाईल, हे तिचे तिनेच शोधले. नवी गुंडाळी फिरली, आणि चुंबक पालथे करताच उलटी फिरली.

मायकेल फॅरडे यांनी १८२१ मध्ये विजेच्या तारेला चुंबकाभोवती फिरवले, पण त्यासाठी पारा वापरला, तो आपण मुळीच वापरायचा नाही, हे आपण बजावलेत. गुंडाळी थांबली की लगेच काढून ठेवावी, नाहीतर तार आणि सेल तापतात, ही सूचनाही आम्ही पाळतो.

उत्तर माहीत असताना गप्प राहणे मला अजून साधत नाही. त्या दुपारी आपण ते केलेत, त्यासाठी मनःपूर्वक आभार. सोबत ती न फिरणारी पहिली गुंडाळी पाठवत आहे. पुढच्या मुलांना कोडे घालायला आपल्याला ती उपयोगी पडेल, असे मुलीचे म्हणणे आहे.

आपली कृतज्ञ,
एक पालक