पुण्यात शिकणाऱ्या सुदानी मुलांसाठी मंडळीचे आवाहन

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावाने सलाम.

आपल्या इंग्रजी उपासनेला मागच्या बाकांवर बसणारी दक्षिण सुदानची मुले गेले काही महिने दिसेनाशी झाली. तरुण संघाने चौकशी केली तेव्हा कळले, की बसभाड्यालाही पैसे उरलेले नाहीत. कॉट बेसिसच्या खोलीचे भाडे थकले आहे, डबा बंद झाला आहे, फी न भरल्याने कोणाचे हॉल तिकीट अडले आहे. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून हात असूनही ती कमावू शकत नाहीत. त्यांनी आपल्याकडे काहीही मागितलेले नाही. मागतो आहोत ते आम्ही, पंच कमिटी.

घरून पैसे का येत नाहीत, तेही सांगायला हवे. दक्षिण सुदानचे सरकार जवळजवळ पूर्णपणे तेलावर चालते आणि ते तेल समुद्रापर्यंत जाते उत्तरेकडच्या सुदानमधून. तिथे एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये युद्धक्षेत्रातच मुख्य पाइपलाइन फुटली आणि दक्षिणेतल्या सरकारी नोकरांचे पगार महिनोन्‌महिने थकले. यातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील असे पगारदारच आहेत. उत्तरेकडच्या सुदानची राजधानी खार्टूमहून आलेल्या मुलांचे तर घरच गेले आहे. ती मुसलमान आहेत. मदतीत त्यांचाही वाटा राहील, याबद्दल कमिटीत दुमत झाले नाही.

या तेलाचा इतिहास आपल्या मंडळीत फारसा कोणाला ठाऊक नाही. १९९९ मध्ये, सुदान अजून एकच देश असताना, हेग्लिगच्या तेलक्षेत्रापासून तांबड्या समुद्रापर्यंत सुमारे १,६०० किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. तेलाचा मुलूख मोकळा करायला सुदानी सैन्याने आणि त्याच्या टोळ्यांनी दक्षिणेतल्या नुएर आणि डिंका या जमातींची गावे जाळली, विमानांतून बाँब टाकले. त्या वेळी आवाज उठवणाऱ्यांत चर्च पुढे होते. कॅनडातल्या चर्चनी तिथे तेल काढणाऱ्या आपल्याच देशाच्या टॅलिस्मन कंपनीला जाब विचारला. सुदानच्या प्रेस्बिटेरियन चर्चने २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात तिच्यावर दावा लावला. दावा २००६ मध्ये फेटाळला गेला; पण सततच्या दबावामुळे कंपनीने त्याआधीच, २००३ मध्ये, तिथून पाय काढला होता. तिथल्या तेलप्रकल्पातला तिचा २५ टक्के हिस्सा विकत घेतला तो आपल्या सरकारी तेलकंपनीने, ओएनजीसी विदेशने, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सुदानचे तेल मंगळूरच्या रिफायनरीत उतरले. जाळपोळीचा मोठा काळ त्याआधीचा आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही ज्या जमिनीवरून माणसे हाकलली गेली, तिथले तेल आपल्या देशात आले. त्याच जमिनीची मुले आज आपल्या बाकांवर बसतात, हे आम्हाला विसरता येत नाही.

आणखी एक गोष्ट. त्याच १९९९ मध्ये दक्षिणेतल्या वुनलित गावी तिथल्या चर्चनी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या नुएर आणि डिंका सरदारांना एकत्र बसवले. पांढरा बैल बळी देऊन समेट झाला. नंतर तो पुष्कळदा मोडला, २०१३ मध्ये दक्षिणेत पेटलेल्या यादवीपासून तर फारच. पण आपल्याकडची नुएर आणि डिंका मुले एकाच खोलीत राहतात, एकाच पातेल्यात शिजवून खातात.

आपल्या घरांतून छप्पन्नच्या (विक्रम संवत १९५६, म्हणजे इ.स. १८९९-१९००) दुष्काळाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. १९०० मध्ये अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांनी वर्गणी काढून मक्याचे जहाज मुंबईला पाठवले होते. देणाऱ्यांनी आपल्या पणज्यांना कधी पाहिलेही नव्हते. ही मुले तर आपल्यासमोर आहेत.

पहिली गरज आहे या सत्राच्या फीची आणि थकलेल्या भाड्याची. हा पैसा परदेशी जाणार नाही. फी थेट कॉलेजात आणि भाडे थेट घरमालकाकडे भरले जाईल. रोख किंवा मंडळीच्या नावाचा धनादेश रविवारी उपासनेनंतर कचेरीत खजिनदारांकडे द्यावा आणि पावती घ्यावी. तांदूळ, डाळ, तेल स्त्री मंडळाकडे द्यावे. ज्यांना एखाद्या मुलाचा रोजचा डबा उचलता येईल त्यांनी तसे नाव नोंदवावे. कोणाकडे रिकामी खोली असेल, तर परदेशी भाडेकरूची पोलीस नोंदणी आणि तो ठेवल्याची सरकारला माहिती देणारा फॉर्म कसा भरायचा, हे आम्ही सोबत येऊन करून देऊ. फी भरायला उशीर झाला तर व्हिसाची मुदत वाढवतानाही अडचण येते, म्हणून परीक्षेच्या अर्जांआधी रक्कम जमा झाली पाहिजे.

जमा-खर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फलकावर लावला जाईल. त्यात मुलांची नावे नसतील. कृपया त्यांना चहाच्या वेळी घरच्या परिस्थितीबद्दलही विचारू नये.

आपले,
पाळक आणि पंच कमिटी